बळीरामच्या डोक्यातला पांढरा डाग

बोलतोय मीच, रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या तळघरातला एमआरआय. माझी खटखट वरच्या मजल्यापर्यंत जाते, पण माझं म्हणणं आजवर कुणी ऐकलं नाही. आज मात्र बोलल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म परदेशातला. इथे आणलं तेव्हा भिंत फोडून मला आत घेतलं होतं. पोटात भलंमोठं लोहचुंबक आहे, ते कधी झोपत नाही. माणसं माझ्या बोगद्यात शिरताना सगळ्या देवांचा धावा करतात आणि बाहेर आली की मला शिव्या घालतात. मी मनावर घेत नाही.

पण कामठीचा बळीराम आला आणि माझा धीर सुटला.

बळीराम पॉवरलूमवर कापड विणणारा. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूतली गाठ काढली, मग किरणांचे शेक दिले. आता त्याच जागी पांढरा डाग दिसत होता. गाठ पुन्हा उगवली, की शेकाने मेलेला भाग सुजला? साध्या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. पण जिवंत गाठ रक्त ओढते, मेलेला भाग ओढत नाही. म्हणून शिरेत औषध सोडायचं आणि ते मेंदूतून पळतं तेवढ्यात मी भराभर फोटो काढायचे. मेलेला भाग असला तर गोळ्यांवर भागणार होतं. गाठ असली तर डोकं पुन्हा उघडता येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

औषध सुटलं, माझा आवाज बदलला, आणि बळीरामने झटकन मान वळवली. सगळे फोटो फुकट गेले.

"काहून हालले, काका?" टेक्निशियन दिपाली चिडली.

"आवाज बदलला न, पोरी. मले वाटलं धागा तुटला."

जन्म मागावर गेलेला माणूस तो. ठेका बदलला की मान वळणारच!

फोटो वाचणाऱ्या डॉक्टर वेदिकाताई म्हणाल्या, औषध आणखी एकदाच देता येईल. मग त्याची बायको इंदूबाई पोत आणि बांगड्या काढून आत आली. तिने त्याचे पाय घट्ट धरले.

"आयका. माग मी पाहून राहिली. धागा तुटला तं मी जोडीन. तुमी मान हालवू नका."

"पक्कं?"

"पक्कं जी."

औषध सुटलं. माझा आवाज बदलला. बळीराम हलला नाही. पायाची बोटं तेवढी तिच्या मुठीत थरथरली. 'मेलेला भाग निघू दे, मेलेलाच निघू दे,' असं मी घोकत होतो. यंत्राने नवस बोलू नये, पण मी बोललो.

फोटो इतके स्वच्छ आले, की तसे क्वचितच कुणाचे येतात. डाग रक्त ओढत होता, चारी बाजूंनी, अधाशासारखा. पडद्यावर लालभडक उमटला.

बळीराम कपडे बदलायला गेला. इंदूबाई मागे रेंगाळली. माझ्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "बापा, कसे निपचित पडले होते ते, पाह्यलं न तू? आता चांगलंच निघन."

तिला वाटतंय, नवरा हलला नाही म्हणजे पास झाला. मला ओरडून सांगायचं आहे. एवढा मोठा आवाज दिला मला, आणि एक शब्द दिला नाही!

काचेपलीकडे वेदिकाताई उठल्या आहेत. चष्मा पुसतायत, पुन्हा पुसतायत. आता दार उघडतील. दिपाली, बाई गं, तू तरी धाव. इंदूबाईला आधी बसायला खुर्ची दे.