एकाच हाताच्या भिंती

रस्तादुरुस्तीचा रोलर असा काही दणदणला की धाकट्याच्या अंगणाची भिंत आडवी झाली. शेजारी थोरल्या भावाची भिंत मात्र जागची हलली नाही. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं.

कारण रस्ता खातं धाकट्याला भरपाई देणार होतं. म्हणजे कोरी करकरीत भिंत, वर लोखंडी फाटक.

"लहानपणापासून हेच," थोरला बायकोला म्हणाला. "रस्त्यालगतची जागा त्याला, बापाचं कौतुक त्याला. आता पडझडसुद्धा त्यालाच."

"अहो, आपली भिंत शाबूत आहे, हे काय थोडं झालं?"

"तुला नाही कळायचं."

थोरला पेशाने गवंडी. दोन्ही भिंती त्यानेच बांधलेल्या. खात्याचा इंजिनियर पाहणीला आला तसा हा पुढे सरसावला. जळणाऱ्या माणसाला तोंड आवरत नाही.

"साहेब, दोन्ही भिंती माझ्याच हातच्या. विटा त्याच, सिमेंट तेच. त्याची पडली म्हणजे माझीही आतून खिळखिळी झाली असणार. द्यायची तर दोघांना द्या, नाहीतर कुणालाच नको."

इंजिनियरने थोरल्याच्या भिंतीवर हातोडी मारून पाहिली. खणखणीत वाजली. मग त्याने पडलेल्या ढिगातून एक ढेकूळ उचललं आणि चिमटीत चुरडलं. नुसती वाळू सांडली.

"यात सिमेंट नावालाही नाही," तो धाकट्याला म्हणाला. "रोलरचं निमित्त झालं हो. भिंत मुळातच कच्ची होती. भरपाई मिळणार नाही."

खोटं कशाला बोला, थोरल्याला क्षणभर बरं वाटलं.

धाकटा त्या वाळूकडे बघत राहिला. सिमेंटच्या गोण्या त्याने स्वतः आणून दादाच्या हवाली केल्या होत्या. हिशेब विचारला नव्हता. सख्ख्या भावाला काय विचारायचं. आणि थोरल्याने तेव्हा, रस्त्यालगतची जागा याला मिळाली याच रागात, मनाशी म्हटलं होतं की याला एवढं सिमेंट हवंय कशाला.

धाकटा वळला. थोरल्याच्या भिंतीपाशी जाऊन त्याने तिच्यावर तळहात ठेवला.

"दादा, माझं सिमेंट यात आहे ना?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती आत निघून गेली.