गळ्यातली कोंबडी

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या पश्चिम भागात ब्रेक्केंच्या शेतावर टिल्डा लग्न होऊन आली, ती माहेरचा कुत्रा बरोबर घेऊन. पिप त्याचं नाव. घरात नवरा ऑर्विल आणि सासरा हॅल्व्हर. गोठ्यात गाई, मागे थोडी डुकरं, आणि टिल्डाकडे सोपवलेलं कोंबड्यांचं खुराडं. शेत अजून म्हाताऱ्याच्याच नावावर होतं, आणि ते तो जेवताना या ना त्या निमित्ताने ऐकवायचा.

जुलैत एका सकाळी खुराड्यात सात कोंबड्या मरून पडलेल्या दिसल्या. एकीलाही खाल्लेलं नव्हतं. मानेमागे बारीक दात रुतलेले, आणि सगळ्या कोपऱ्यात एकीवर एक रचल्यासारख्या. टिल्डाने माहेरी असं पाहिलं होतं. ती म्हणाली, हे ओढ्याकाठच्या मिंकचं काम. मुंगसाएवढं जनावर, पण फटीतून शिरतं आणि भूक नसली तरी मारत सुटतं. हॅल्व्हरने तिचं बोलणं संपू दिलं आणि पिपकडे बघितलं.

"तुझ्या बापाच्या घरचं वळण," तो म्हणाला.

त्यातलीच एक कोंबडी उचलून त्याने ती तारेने पिपच्या गळ्यात बांधली आणि तारेला घट्ट पीळ दिला. कुजून गळून पडेपर्यंत ती तिथेच ठेवायची, म्हणजे कुत्रा जन्मात पुन्हा कोंबडीला तोंड लावत नाही, अशी त्याच्या वडलांच्या वेळची रीत होती. टिल्डा पक्कड आणायला निघाली, तेव्हा ऑर्विलने तिचा दंड धरला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाला, उगाच घर पेटवू नकोस. ती थांबली.

उन्हाने कोंबडी फुगली, मग फुटली. पिप आधी अंगणभर लोळला, खांबांना मान घासली, आणि शेवटी धान्याच्या कोठाराखाली शिरून बसला. टिल्डा पाण्याचं भांडं काठीने आत ढकलायची. त्या वासाने तिच्याच्यानेही जवळ जाववेना, आणि मग तिला स्वतःची किळस यायची.

पुढच्या आठवड्यात आणखी कोंबड्या मेल्या. ऑर्विलने सापळा लावला, आणि त्यात मिंक सापडला. त्याने तो शेपटीला धरून बापासमोर आणला. टिल्डाला वाटलं, आता सुटला पिप.

हॅल्व्हरने कॉफीचा घोट घेतला. "कातडं चांगलं आहे," तो म्हणाला.

"आणि पिप, बाबा?" ऑर्विलने विचारलं.

"राहू दे की. आज नाही तर उद्या कोंबडी मारलीच असती त्याने."

टिल्डा उठली. पक्कड घेऊन ती कोठाराखाली सरपटत गेली. तार मानेत रुतली होती आणि जखमेत किडे वळवळत होते. पक्कड तारेला लागली मात्र, पिपने तिच्या तळहाताचा लचका तोडला. ती रक्ताळलेला हात धरून बाहेर आली, तर बापलेक दोघेही उभे होते.

"माणसाला चावणारं कुत्रं कुणी ठेवत नाही," हॅल्व्हर मुलाला म्हणाला.

ऑर्विलने बंदूक आणली. पण पिप बाहेर येईना. हाका मारून झाल्या, डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून झाला.

"तू बोलाव त्याला," ऑर्विल बायकोला म्हणाला.

"मी नाही."

"मग मला अंधारात गोळी घालावी लागेल. कुठेही लागेल. तसं हवंय तुला?"

टिल्डा गुडघ्यांवर बसली आणि माहेरी जेवायच्या वेळी मारायची तशी हाक मारली. पिप लगेच आला. ती कुजकी कोंबडी फरफटत, कान पाडून, शेपूट हलवत आला आणि तिचा चावलेला हात चाटू लागला. ऑर्विलची पहिलीच गोळी नीट लागली. एवढं एक त्याने धड केलं.

त्या संध्याकाळी तिने एका हाताने दूध काढलं, बटाटे सोलले, ताटं वाढली. ती रडली असती तर ऑर्विलला बरं वाटलं असतं. ती रडली नाही.

ऑक्टोबरात हॅल्व्हरने शेजाऱ्याकडून एक पिल्लू आणलं. ते धडपडत टिल्डाकडे धावलं आणि तिच्या झग्याला दातांनी झोंबू लागलं. टिल्डाने बुटाच्या टोकाने ते असं उडवलं, की ते केकाटत पायरीवरून खाली गेलं.

म्हातारा पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसला. "आता शिकलीस," तो म्हणाला.

टिल्डाने दाण्यांची बादली उचलली आणि ती खुराड्याकडे गेली.