टोकांना तेल

क्लॅरिनेटच्या सांध्यावरच्या बुचाच्या कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका अजून होताच. सगळं साफ करताना दुरुस्तीवाल्याच्या नजरेतून एवढाच सुटला, की त्याने मुद्दाम ठेवला – तिला आठवण राहावी म्हणून? तिने तो नखाने खरवडला, नख खिडकीशी नेऊन पाहिलं. बुरशी. अकरा महिने जिवापाड जपलं ते शेवटी हे.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर बाबांच्या क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून ठेवलेले – काळ्या लाकडाच्या दोन लांब नळ्या, एक आखूड, एक फुलासारखी तोंड उघडलेली – आणि शेजारी दुरुस्तीवाल्याने दिलेली तेलाची बुटकी बाटली. लाकूड एवढं काळं, की त्याला कधी पानं फुटली असतील यावर विश्वास बसत नाही.

दवाखान्यात न्यायच्या आदल्या संध्याकाळी बाबा पाच मिनिटं वाजवायला बसले होते. वाजवणं कसलं... दोन सूर आणि मध्ये लांबलचक धाप. आणि मग त्यांनी क्लॅरिनेट तसाच पेटीत ठेवला. न पुसता. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेली गोष्ट – रेशमी रुमाल नळीतून तीनदा ओढायचा, पाण्याचा टिपूस राहू द्यायचा नाही – त्या दिवशी चुकली, आणि ती दारात उभी राहून बघत होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्म घालवलेला माणूस; गळती त्यांना खपायची नाही.

म्हणून ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बाहेर माणसं बसलेली असताना, तिने आतल्या खोलीत जाऊन ती पेटी प्लास्टिकच्या तीन थरांत गुंडाळली आणि कडांवरून चिकटपट्टी फिरवली. ओल लागू नये म्हणून, असं तिने भावाला सांगितलं. खरं तर ओल आतच होती. त्यांच्या शेवटच्या श्वासांची, न पुसलेली. ती जाऊ नये एवढंच हवं होतं. कपाटभर पुस्तकं वाचलेल्या बाईला हे शोभत नाही, हे तेव्हाही कळत होतं. पण कळून काय होतं?

गेल्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याने चिकटपट्टी पात्याने कापली, झाकण उघडलं, वास घेतला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“सील कशाला केलंत? पार्सल पाठवायचं होतं का कुठे?”

ती हसली होती. हसण्याशिवाय काय करणार? पत्ताच नव्हता.

“आतून व्हार्निश मारलं तर?” तिने विचारलं. “एकदाच. कायमचं.”

“कायमचं?” त्याने आखूड नळी उचलून तिच्या हातात दिली. “ही टोकं बघा. लाकूड पाणी अंगातून फार पीत नाही, टोकांतून पितं. तिथे रेषांची तोंडं उघडी असतात. त्यांना तेल द्यायचं, जास्त नाही, थेंब थेंब. पण बंद करायला नाही हं, ताई. ओल येणार, ओल जाणार. ती बेताने यावी-जावी, एवढंच तेलाचं काम. एकदम आली की लाकूड तडकतं.” मग नळी परत घेत म्हणाला, “आणि हे वाजवणार कोण?”

हाच तर प्रश्न होता.

वाजवणार होती आई.

“अगं, झालं की नाही?” आईच दारात. हातात ते प्लास्टिकचं खेळणं – तीन नळ्या, तीन निळे गोळे. फुप्फुसांसाठी. आधी ते बाबांचं होतं. त्यांचा शेवटी एकच गोळा वर जायचा, तोही अर्धा. खोकल्याच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी आईलाही हाच व्यायाम सांगितला, तेव्हा तिने नवं आणू दिलं नाही. आहे की घरात, म्हणाली.

“दोन गोळे गेले आज,” आई म्हणाली. “तिसरा नुसता कुल्ले हलवतो.”

“आई.”

“मग काय. गोळे चढवून मिळतं काय? त्यापेक्षा यातून आवाज तरी निघेल. चाळीस वर्षं ऐकलंय मी, रडगाणं असो की गाणं. आता त्यांनी ऐकावं.” तिने खिशातून रेशमी रुमाल काढून टेबलावर ठेवला. धुतलेला. इस्त्री करून चौकोनी घडी.

“हा धुतलास तू?”

“वास येत होता.”

घडी इतकी नीट होती. रुमालाच्या दोरीलाही आईने नवी गाठ मारली होती, घट्ट, दुहेरी. हिने तो धुताना काय केलं असेल? आधी वास घेतला असेल? तिने विचारलं नाही. दोघी एकमेकींना असलं काही विचारत नसत.

“आज नाही वाजवता यायचं,” ती म्हणाली. “तेल रात्रभर मुरू द्यायचं. उद्या पुसायचं. मग पहिला आठवडा रोज दहाच मिनिटं. तडकलं तर संपलं.”

“मलाही दहाच मिनिटांचा दम आहे. जमेल आमचं.” आईने तोंडाशी धरायचा माउथपीस उचलला. “हा नेऊ? याला तर काही होत नाही?”

तो कडक रबराचा. त्याला ओलीचं सोयरसुतक नाही.

“ने.”

आई गेल्यावर तिने बोटांनी दाबायच्या किल्ल्यांखालच्या मऊ गाद्यांना तेल लागू नये म्हणून कागदाचे कपटे एकेक करून सरकवले आणि लांब नळी खिडकीसमोर धरली. आत, एका बाजूने, फिकट रेघ. सरळ नाही, जराशी डावीकडे कललेली. आधी तिला चीर वाटली. मग कळलं – पाण्याची वाट. बाबा मान डावीकडे घालून वाजवायचे, आणि श्वासाचं पाणी रोज त्याच वाटेने उतरायचं. अकरा महिने ती प्लास्टिकात शोधत होती ते हे होतं, आणि ते कोंडल्याने राहिलं नव्हतं. वाहून वाहून झालं होतं.

तेल दिलं तर जाईल?

जाईलही. पुढच्या खोलीतून आईच्या माउथपीसचा, बदकाचा गळा आवळल्यासारखा आवाज आला, मग खोकला, मग शांतता. ती ताठ झाली, कान देऊन उभी राहिली... मग पुन्हा बदक. या वेळी जास्त लांब. किती सेकंद मोजले? सहा. सातपर्यंत गेलं असतं.

तिने जुन्या फडक्यावर तीन थेंब घेऊन ते नळीतून ओढलं. रेघ गेली नाही. ओल्या लाकडात उलट गडद झाली, घटकाभर. उद्या पुसल्यावर काय राहील, सांगता येत नाही. मग बारीक कुंचल्याने टोकं – रेषांची उघडी तोंडं – आणि तिथे तेल खरोखरच प्यायलं जात होतं, थेंब ठेवला की नाहीसा.

आखूड नळी शेवटची. ती तिने सवयीने नाकाशी नेली. बाबांचा वास नाही. तेलाचा, थोडा धुतल्या रेशमाचा. तिचा स्वतःचाच श्वास काळ्या लाकडावर पडला, धूसर गोल उमटला. हातात इस्त्रीचा रुमाल होता. तिने पुसलं नाही. पलीकडे बदक आठावर गेलं, आणि तो गोल कडेकडून विरत, बेताबेताने, आत येत राहिला.