भुशाविरुद्धचा ठराव

शेजाऱ्याचा त्रास कुणाला चुकलाय? सलूनवाल्याच्या शेजारी तर सॉ मिल होती. करवत सुरू झाली की आरसे थरथरायचे आणि भुसा उडून गिऱ्हाइकाच्या गालावरच्या ताज्या फेसावर बसायचा. शेवटी सलूनवाल्याने चंग बांधला की मिल जिल्ह्याबाहेर घालवायची.

प्रचार त्याने खुर्चीतच सुरू केला. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "रविवारच्या गावसभेत मिलविरुद्ध हात वर करणार ना?" अशा वेळी वाद घालायची सोय नसते. जो तो मुकाट्याने 'हो' म्हणायचा.

"अहो, मिल गेली तर लोक खातील काय?" बायकोने विचारलं. "जंगलातल्या एका ओंडक्यावर किती घरं चालतात, बघा जरा. माझी बहीण तोडलेल्या जागी रोपं लावते, भावजी तोडणीवर जातात. त्यांनी कुठे जायचं?"

"तुझं माहेर मध्ये आणू नकोस," तो म्हणाला.

रविवारी नगराध्यक्षांनी विचारलं, "मिल हलवावी असं कुणाकुणाला वाटतं?"

झाडून सगळे हात वर गेले. पुढची दाढी प्रत्येकाला डोळ्यांसमोर दिसत होती! सलूनवाल्याची छाती फुगली. तो कौतुकाने एकेक हात न्याहाळू लागला. हा ट्रकवाल्याचा, हा हमालाचा, तो करवतवाल्या मिस्त्रीचा, पलीकडचे सुताराचे आणि खोकी ठोकणाऱ्याचे. शेवटच्या रांगेत साडूचा. साडूने मान खाली घातली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते. सभेत तर डोळ्यांत जायला भुशाचा कणही नव्हता.

सलूनवाला बोटांवर गिऱ्हाइकं मोजू लागला. ही माणसं गाव सोडून गेली, तर आपल्या खुर्चीत बसणार कोण?

"हात खाली घ्या! सगळ्यांनी!" तो ओरडला. हात तितक्याच तत्परतेने खाली आले.

"अहो, ठराव तुमचाच ना?" नगराध्यक्ष गोंधळले.

"माझाच. मूर्खपणाही माझाच. मिल राहू द्या, फक्त भुसा अडवायला भिंत घाला."

सभेला आलेला मिलमालक जागच्या जागी कबूल झाला. एवढं साधं त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा नागरिकहो, उद्योगाचा त्रास होत असेल तर तोंड उघडून सांगा, इलाज मागा. जंगल बेताने तोडलं आणि तोडलं तेवढं पुन्हा लावलं, तर ते अख्ख्या मुलखाला पोसतं. त्यावर चालणाऱ्या उद्योगावर कुऱ्हाड चालवण्याआधी जेवणाऱ्यांच्या पंगतीकडे एकदा नीट बघा. त्यात आपलंही ताट मांडलेलं असतं.