समृद्धीची साक्ष

मानपाड्याच्या समृद्धीनं तिसरीत असताना आपल्या आजीला जिन्यावरून पडताना पाहिलं. इमारतीतल्याच एका भाडेकरूनं सरोजआजीच्या गळ्यातली माळ खेचली, तिला ढकललं आणि तो पळाला. आजीचा हात मोडला. माणूस पकडला गेला, पण खटला उभा राहीपर्यंत समृद्धी पाचवीत गेली. त्यानं आजीला मागून गाठलं होतं, त्यामुळे समृद्धीशिवाय कुणीच त्याला पाहिलेलं नव्हतं.

घरात जो तो तिची तयारी करून घेऊ लागला. धाकूआजोबा म्हणत, "घाबरू नको गो बाय, धडाधड सांग." मितेशकाका वकील होऊन उलटसुलट प्रश्न विचारी. पोर धड जेवेनाशी झाली.

मग हेमांगीताई आली. साक्ष देणाऱ्या मुलांना सोबत करणं हेच तिचं काम. तिला पाहताच समृद्धीनं घोकलेलं सुरू केलं, "त्या दिवशी मी शाळेतून आलेली..."

"थांब, थांब! ते जजबाईंना सांगायचं, मला नाही. तू पत्ते खेळतेस?"

समृद्धी लागोपाठ तीन डाव जिंकली. जाताना हेमांगीताईनं घरच्यांना बजावलं, "आता तालीम बंद. तिला जे आठवतंय तेच ती सांगेल."

साक्षीच्या आधी तिनं समृद्धीला कल्याणच्या कोर्टात नेऊन रिकामी खोली दाखवली. मध्ये एक पडदा होता.

"तो मला दिसणार नाही?"

"नाही. आणि तूही त्याला दिसणार नाहीस."

समृद्धीनं दोनदा पडद्यामागे जाऊन खात्री करून घेतली.

साक्षीच्या दिवशी हेमांगीताई तिच्या शेजारी बसली. जजबाईंनी आधी समृद्धीशी शाळेच्या, गणिताच्या गप्पा मारल्या, मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. मध्ये एकदा रडली, पाणी प्यायली, पुन्हा बोलू लागली. मग आरोपीचे वकील उठले.

"त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा होता?"

"आठवत नाही."

"या ताईंनी तुला काय बोलायचं ते शिकवलंय ना?"

"हो."

हेमांगीताईनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"काय शिकवलं?" जजबाईंनी विचारलं.

"आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. आणि शू लागली तर सांगायचं." समृद्धी जरा घुटमळली. "आता लागलीय."

वकीलसाहेबांनाही हसू आवरेना. जजबाई म्हणाल्या, "जाऊन ये, बाळा. आम्ही थांबतो."

परत आल्यावर उरलेल्या प्रश्नांना तिनं पाय हलवत उत्तरं दिली. बाहेर आजी वाट बघत होती. समृद्धी म्हणाली, "जजबाई चांगल्यायत गं. त्यांना पण गणित आवडायचं नाही."

दिवाळीनंतर निकाल लागला. त्या माणसाला शिक्षा झाली. मितेशकाकानं तर चौकात लावायला बॅनरच छापून आणला: समृद्धीचा हसरा फोटो, वर 'हार्दिक अभिनंदन'. हेमांगीताईला कळताच तिचा फोन आला, "अहो, साक्षीदार मुलीचं नाव असं चौकात लावायचं नसतं!"

काका खट्टू झाला. मग तो बॅनर घरातच, टीव्हीच्या वर लागला, आणि त्याच्याखाली बसून सगळ्यांनी मटण-वडे हाणले.