शलमानीकाकांचे एकेचाळीस दिवस

"शलमानीसाहेब, एकच वाक्य हवंय. निर्बंधांमुळे औषध अडलं. म्हणा, की आम्ही निघालो," टीव्हीवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

मी तिथेच होते, खरंच, दारापाशी! माझ्या औषधाच्या कुप्या घ्यायला गेले होते. रश्त शहरातलं आमचं थॅलेसेमिया मंडळ म्हणजे तांदळाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि मंडळ म्हणजे शलमानीकाका. बावीस वर्षं तेच पत्रं लिहितात, तेच कुप्या वाटतात, चहाही तेच करतात. आम्हाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात, त्यातलं लोह अंगात साठत जातं, आणि ते काढणारं औषध नाही मिळालं तर हृदयावर येतं. औषध युरोपातली एक संस्था घेऊन देते. पण अमेरिकेच्या निर्बंधांच्या धास्तीनं, इराणचं नाव दिसलं की तिथली बँक पैसेच पुढे सोडत नाही.

तर टीव्हीवाल्यांनी ताहेरेमावशीलाही आणून बसवलेलं. तिची नस्तरन, माझ्याच वयाची, तेव्हा हृदयाच्या वॉर्डात होती.

काका म्हणाले, "निर्बंधांमुळेच अडलं. बँकेनं चार महिने दाबून ठेवलं."

"वा! झालं तर!"

"पण शेवटचे एकेचाळीस दिवस माझे."

टीव्हीवाल्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

"नवरोजच्या दुसऱ्या दिवशी बँकेचा ईमेल आला," काका सांगत होते, कुणा तिऱ्हाइताचं सांगावं तसं. "औषध कुणाकुणाला देणार, यादी पाठवा, दहा दिवसांत. मी लाहिजानला बहिणीकडे. चौदाव्या दिवशी येऊन कुलूप काढलं, तोवर त्यांनी फाईल बंद केलेली. पुन्हा रांगेत शेवटी. एकेचाळीस दिवस."

"अहो, नवरोजला अख्खा देश सुट्टीवर असतो! त्यांना कळायला नको? दोष बँकेचाच."

"आहेच. पण यादी माझ्या खणात तयार होती. आणि फोनवर ईमेल बघायला मी शिकलो नाही."

कॅमेरावाला हसला. "काका, अमेरिकेनं पगार चालू केलाय का तुम्हाला?"

काकांनी त्याच्यापुढे चहा सरकवला.

मग मावशी बोलली. "यादीत नस्तरनचं नाव होतं?"

"चौथं."

"वेळेवर पाठवली असती तर वाचलं असतं तिचं हृदय?"

"औषध लवकर आलं असतं, ताहेरे खानुम. पुढचं मला माहीत नाही."

संध्याकाळच्या बातम्यांत काका चार सेकंद दिसले. 'निर्बंधांमुळेच अडलं.' आई म्हणाली, किती छान बोलले!

नस्तरन उन्हाळ्यात गेली. चाळिसावा झाल्यावर मावशी पिशवी घेऊन मंडळात आली. उरलेल्या कुप्या होत्या. "कुणाला तरी द्या," म्हणाली. काकांनी एकेक कुपी उजेडात धरून तारीख बघितली आणि फ्रिजमध्ये ठेवली. त्यातल्या सहा पुढे मलाच मिळाल्या.

निघताना तिनं विचारलं, "येत्या नवरोजला कुठे?"

"इथेच."

"बरं."

आता ऐका. यंदा नवरोजच्या तेराव्या दिवशी, म्हणजे नववर्षाच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा घरात कुणी थांबत नाही, आम्ही सगळे निघालो होतो गवतावर बसायला, गाडीच्या टपावर सतरंजी, मांडीवर भाताचं पातेलं, सगळं रश्त रस्त्यावर. तांदळाचं दुकान बंद, पण वरची खिडकी उघडी. मी बाबांना गाडी थांबवायला लावली आणि धावत वर गेले.

काका कोट घालून संगणकासमोर. आणि भिंतीकडच्या बाकावर ताहेरेमावशी, पर्स मांडीवर घेऊन. तेराही दिवस येत होती म्हणे, सकाळी नवाला. पहाऱ्याला की सोबतीला, ते विचारायचं मला सुचलं नाही.

"बँकेचं आलं काही?" मी विचारलं.

"नाही," मावशीच म्हणाली.

खाली बाबा हॉर्न वाजवत होते. ती दोघं पडद्याकडे बघत बसली होती.