आडाचा ओला दोर

"वत्सला, तुमच्या मोरीचं पाणी माझ्या आडाला लागतंय गं. सगळा विटाळ होतोय. यादवला सांग, काहीतरी कर म्हणावं."

शेजारच्या अक्काबाईंनी भिंतीपलीकडून हे सांगितलं, तेव्हा वत्सला तान्ह्या शरयूला मांडीवर घेऊन बसली होती. तिला हसूच आलं. अक्कांना विटाळ कशाचा होत नसे? पोस्टाचं पाकीटसुद्धा पाणी शिंपडून घरात घ्यायच्या त्या. कॉलेजात शिकलेल्या बाईनं असलं मनावर घ्यायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही. "सांगते हं अक्का," ती म्हणाली आणि विसरली.

तिला काळजी ठाऊक नव्हती असं नव्हे. उलट काळजीचा डोंगरच होता तिच्याकडे, पण तो सगळा शरयूवर रचलेला. पोर शिंकली की ही काढा उकळायला धावायची. दूध दोनदा उकळायचं, नळाचं पाणी गाळून, उकळून, झाकून ठेवायचं. आणि या काळजीची वाटेकरीण कोण, तर अक्काच. बालविधवा, मूल ना बाळ, आलवण नेसून दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रोज सकाळी पायांवर घेऊन शरयूला न्हाऊ घालायच्या. "माझी आंघोळ होईतो पोर माझी, मग तुझी," म्हणायच्या. एकदा सोवळ्यात गेल्या की पोरीलाही शिवायच्या नाहीत. लांबूनच टाळ्या वाजवून तिला हसवायच्या.

भाद्रपदात घरापुढचं, तिवंध्याच्या उतारावरचं गटार तुंबलं आणि वत्सलाच्या मोरीतलं पाणी उलटं घरात आलं.

"घरपट्टी कशाची घेतात मग?" वत्सलाचे यजमान यादवराव गरजले. "येऊ देत म्युनिसिपालटीची माणसं, उपसू देत."

निजाम मुकादम माणसं घेऊन आला. रस्त्याचं गटार मोकळं झालं, तरी मोरी हटेना. बांबूची लांब कामटी आत घातली, ती निम्म्यातच अडली.

"इथं आत नळ फुटलाय, साहेब. गवंडी बोलवा."

"म्हणजे आम्ही खणायचं?"

"रस्त्याचं गटार आमचं. मोरीपासून रस्त्यापर्यंतचा नळ घरवाल्याचा. घर तुमचं, घाण तुमची," मुकादम हसला. "आम्ही पुढं घेऊन जातो, एवढंच."

गवंड्यानं दोन घरांमधला बोळ खणला. उंबराच्या मुळांनी खापरी नळ फोडला होता. मोरीचं सारं पाणी मातीत मुरत होतं, आणि हातभर पलीकडे अक्कांच्या आडाचं बांधकाम होतं. दगड काळे, ओले. वत्सलाचा चेहरा उतरला. अक्का विटाळ म्हणाल्या होत्या, तिच्या पुस्तकात त्याला दुसरं नाव होतं, एवढाच फरक.

ती तशीच धावली. "अक्का, हे पाणी आजपासून प्यायचं नाही."

"मग काय पिऊ? तुझ्या नळाचं? तोटीत कातड्याची चकती असते म्हणतात."

"उकळून देते ना."

"कातडं उकळलं म्हणून त्याची भाकरी होते का गं?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून वत्सला पहाटे आंघोळ करून, ओलेत्यानं, वरच्या आळीतल्या देवळाच्या आडाची घागर आणू लागली. "देवासारखी आलीस गं," अक्का म्हणाल्या आणि गडूभर पाणी तिच्यादेखत प्यायल्या. मोरीचा नळ नवा बसला. अक्कांचा आड मात्र पाणी उतरल्यावर उपसायचा ठरला.

मग शरयूला दात यायला लागले. ती आईला सोडेना. एका कडेवर पोर, दुसऱ्या कडेवर घागर, अशीच वत्सला चढ उतरून येऊ लागली. अक्का दारात उभ्या असत. "ठेव ती तिथं."

"प्याल ना?"

"पिते हो, बाई."

अंगणातल्या तुळशीची पानं पिवळी पडू लागली. "पाऊस फार झाला यंदा," अक्का म्हणाल्या. पाऊस केव्हाच उघडला होता, तरी वत्सलाला ते पटलं.

दसऱ्याच्या सुमारास अक्कांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा आहे, पाण्यातून येतो. "पण पाणी तर मी आणते!" वत्सला त्यांच्याशी भांडलीच. अक्कांच्या कपाळावरची घडी भिजवायला तांब्या घेऊन ती मागल्या अंगणात गेली. आडापाशी वाकली, तेव्हा रहाटाच्या दोराला हात लागला.

दोर गार, ओलाचिंब होता. अक्का सकाळीच धडपडत येऊन गेल्या होत्या.

"अक्का, काय केलंत हे?"

अक्का आढ्याकडे बघत म्हणाल्या, "पोर कडेवर असायची ना गं तुझ्या. दुपटं ओलं असायचं तिचं. ओवळं झालं ते पाणी. पण तू एवढा चढ चढून आणायचीस, नको कसं म्हणू? तुळशीला घालत होते. वाया नाही गेलं हो."

पुढं त्यांची शुद्ध हरपली. पाणी पाणी करायच्या. वत्सलानं नळाचं उकळलेलं पाणी चमच्यानं पाजलं आणि त्या काही न विचारता प्यायल्या. जन्मभर राखलेलं सोवळं असं हातानं मोडताना वत्सलाला चोरी केल्यासारखं वाटत होतं. तरी ती पाजत राहिली. ते पाणी फार उशिरा पोटात गेलं होतं. दिवाळीच्या आत अक्का गेल्या. शरयू कितीतरी सकाळी त्या बंद दारापर्यंत रांगत जायची आणि टाळ्या वाजवायची.

तुमच्याही शेजारी अशी कुणी एकटी बाई असेल, आडाचंच पाणी पिणारी. तुमच्या मोरीचा नळ कुठून जातो ते बघाच, पण आधी तिच्याकडे जा. तुम्ही दिलेलं पाणी "पिते हो" म्हणाली, तर मान डोलावून परतू नका. मागल्या अंगणात जा, आणि दोराला हात लावून बघा.